घरी काडतुसे भरता येतील का?

प्रश्न : मुलगी ५० मीटर रायफल नेमबाजी शिकते. काडतुसे फार महाग पडतात. परदेशात हँडल ओढलं की एक काडतूस तयार, अशी यंत्रं मिळतात म्हणे. एखादं मागवून घरीच भरावीत का? – एक पालक, सदाशिव पेठ

उत्तर : मागवू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही येतात. विनापरवाना काडतुसे बनवली, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं तुरुंगवास, कमाल जन्मठेप. वाड्याच्या माळ्यावर दारू साठवायची, हा धोका तर वेगळाच.

पण तुमची खरी अडचण कायद्याच्याही आधीची आहे. या स्पर्धेत .२२ रिमफायर काडतूस चालतं. त्यातलं ठिणगी पाडणारं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं. रायफलीतली पिन ती कड चेपते आणि पुंगळी कायमची बाद होते. ती यंत्रं मधोमध बदलता येण्याजोगी टोपी असलेल्या काडतुसांसाठी असतात. तुमच्या उपयोगाची नाहीतच!

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कांस्य जिंकणारा कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे याच .२२ प्रकारातला. इथे दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. म्हणून वरच्या पातळीवर वेगवेगळ्या बॅचची काडतुसे आपल्याच रायफलीतून झाडून बघतात आणि जुळलेल्या बॅचचाच साठा घेतात. मुलगी नवखी असेल, तर इतकं नको. घरी रिकाम्या रायफलीने नेम धरण्याचा सराव प्रशिक्षकांकडून शिकून घ्या. खर्च तिथेच वाचतो.