गॉगलची परीक्षा

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी कुणी गॉगल घ्यायला निघाला की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, "नावाजलेल्या कंपनीचाच घे, नाहीतर डोळे खराब होतील." दुसरा म्हणतो, "काच चांगली काळी आहे ना? मग झाले!" पहिल्या सल्ल्याने खिसा रिकामा होतो, दुसऱ्याने डोळ्यांना अपाय होण्याचा संभव आहे. फ्रेमवरचे नाव काय किंवा काचेचा रंग काय, यांवरून खरी गोष्ट कळत नाही. ती कशी कळते, ते पाहू.

आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. ४०० च्या खाली असतात ते जंबुपार किरण. तुमच्या पाठ्यपुस्तकात त्यांना अतिनील म्हटले असेल. (मला स्वतःला जुना शब्द अधिक आवडतो. जांभळ्याच्या पलीकडचे ते जंबुपार!) ते दिसत नाहीत, पण पारपटलाला आणि त्यामागील नेत्रभिंगाला इजा करतात. बर्फाळ प्रदेशात गॉगलशिवाय हिंडणाऱ्याला जे हिमांधत्व येते ते यांच्यामुळेच, कारण ताजा बर्फ सुमारे ८० टक्के जंबुपार किरण परावर्तित करतो. वर्षानुवर्षे हे किरण डोळ्यांत जात राहिले तर मोतीबिंदूचा धोका वाढतो. शिवाय लहान वयात नेत्रभिंग अधिक पारदर्शक असल्याने यांपैकी काही किरण थेट दृष्टिपटलापर्यंत पोहोचतात. म्हणजे हा प्रश्न आजोबांपेक्षा तुमचाच अधिक आहे.

आता मुख्य मुद्दा. काच काळी असणे म्हणजे तिने दृश्य प्रकाश अडवणे. जंबुपार किरण अडवणे हे निराळे काम आहे आणि ते करणारे द्रव्य रंगहीनही असू शकते. विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने काचभट्टीवरील कामगारांच्या डोळ्यांसाठी शेकडो प्रकारच्या काचा करून पाहिल्या आणि १९१३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. सेरियम मिसळलेली काच जवळजवळ रंगहीन राहूनही जंबुपार किरण शोषते, असे त्याला आढळले. आज चष्म्यांसाठी वापरले जाणारे पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक पारदर्शक असूनही सुमारे ३८० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवते. उलट, नुसता रंग दिलेले एखादे प्लॅस्टिक गडद दिसेल, पण जंबुपार किरणांना वाट मोकळी ठेवील.

असा गडद पण निकामी गॉगल साध्या उघड्या डोळ्यांपेक्षाही वाईट ठरू शकतो. कसा, ते गणिताने पाहा. समजा, लख्ख उन्हात बाहुलीचा व्यास २ मिलिमीटर आहे. काळ्या काचेमागे अंधारल्यामुळे तो ३ मिलिमीटर झाला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ९ भागिले ४, सव्वादोन पट. दृश्य प्रकाश काचेने अडवला, पण जंबुपार किरण मात्र सव्वादोन पट रुंद दारातून नेत्रभिंगावर आले. शिवाय उन्हात आपण डोळे किलकिले करतो, तेही थांबते.

मग अनोळखी कंपनीचा गॉगल पारखायचा कसा? ३६५ नॅनोमीटरची जंबुपार टॉर्च आणि पाचशेची एक नोट घ्या. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत नोटेवर टाकला की क्रमांकाचे आकडे आणि कागदातील बारीक तंतू चमकू लागतात. आता झोताच्या वाटेत साधी खिडकीची काच धरा. चमक बरीचशी टिकते. मग गॉगलची काच धरा. चमक नाहीशी झाली तर गॉगल कामाचा. नोटेकडे पाहताना गॉगल डोळ्यांवर नको, तो फक्त टॉर्चपुढे हवा. टॉर्चमध्ये डोकावू नका आणि प्रयोग शिक्षकांसमोर करा. ३९५ ची स्वस्त टॉर्च घेऊ नका. तिचा बराचसा प्रकाश दृश्य जांभळाच असतो, त्यामुळे निर्णय फसतो. काही चष्म्याच्या दुकानांत हे मोजण्याचे छोटे यंत्रही असते. मागून पाहायला लाजू नका.

"यूव्ही ४००" ही चिठ्ठी म्हणजे विक्रेत्याचे विधान आहे, मोजमाप नव्हे. गडदपणासाठी मात्र ० ते ४ असे वर्ग ठरलेले आहेत. तिसऱ्या वर्गाची काच ८ ते १८ टक्के दृश्य प्रकाश आत सोडते आणि आपल्या उन्हाला ती पुरेशी आहे. चौथ्या वर्गाची काच घालून वाहन चालवू नये. आणि कोणत्याही वर्गाच्या गॉगलमधून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे पाहू नये.

काच सदोष आहे का, हे पाहायला काही खर्च नाही. हात लांब करून तिच्यातून खिडकीचे गज पाहा व गॉगल सावकाश हलवा. मधल्या भागात गज लाटांसारखे वाकले तर तो गॉगल परत ठेवा. अशाने डोके दुखते. फ्रेम रुंद व चेहऱ्याला लागून बसणारी हवी, कारण किरण बाजूनेही येतात.

राहिला "पोलराइज्ड" हा महागडा शब्द. अशी काच ध्रुवित प्रकाश अडवून पाण्यावरची वा रस्त्यावरची चकाकी कमी करते. जंबुपार किरणांशी त्या गुणाचा संबंध नाही. तो तपासायला कॅल्क्युलेटरच्या पडद्यापुढे काच धरून हळूहळू फिरवा; एका स्थितीत आकडे दिसेनासे झाले तर दावा खरा. मग तोच गॉगल घेऊन तळ्याकाठी जा आणि मान एका खांद्याकडे पूर्ण झुकवा. नाहीशी झालेली चकाकी परत का दिसू लागते, याचे उत्तर वहीत आकृतीसह लिहा.