पेट्रोलच्या इंजिनाचा श्वास आणि त्याचा भरंवसा



मोटार ही आतां आपल्या वसई भागांत नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. राजोडीहून पहांटे भाजीपाला व फुलें घेऊन निघणारी गाडी, शाळेच्या फाटकाशीं थांबणारी रिक्षा, वडिलांची मोटारसायकल, या सर्वांच्या पोटांत इंजिन आहे. तरी गाडी विकत घेतांना आपण रंग पाहतों, किंमत पाहतों, लिटरमागें ती किती चालते हें विचारतों, आणि इंजिनाची माहिती देणारा जो कागद विक्रेता हातीं ठेवतो तो न वाचतांच घडी घालून ठेवून देतों. त्या कागदावरील आंकडे काय सांगतात, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय सांगत नाहींत, हें समजावून देणें हा या लेखाचा हेतु आहे. उदाहरणादाखल आपण मुंबईंतच तयार झालेलें एक इंजिन घेऊं.

वालचंद हिराचंद या उद्योगपतींनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईंत कुर्ला येथें होता. इटलीच्या फियाट कंपनीशीं करार करून या कारखान्यानें १९६४ सालापासून फियाट ११०० डिलाईट ही गाडी बनविली. तीच पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें घरोघर ओळखीची झाली. गेल्या शतकाच्या अखेरीस तिचें उत्पादन थांबलें. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तिनें मुंबईची अनेक दशकें सेवा केली, आणि टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ मध्यें ती त्या सेवेंतून निवृत्त झाली.

आतां इंजिनाचें काम पाहूं. सिलिंडर म्हणजे जाड भिंतीची नळी, व पिस्टन म्हणजे तींत खालीं-वर होणारा दट्ट्या. पिस्टन प्रथम खालीं जातो, तेव्हां एक झडप उघडून हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत येतें. मग झडप मिटते, पिस्टन वर येतो व मिश्रण दाबलें जातें. त्याच वेळीं प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेटतें, वायु तापून प्रसरण पावतो आणि पिस्टनला जोरानें खालीं लोटतो. शेवटीं दुसरी झडप उघडते व वर येणारा पिस्टन जळलेला वायु बाहेर घालवितो. घेणें, दाबणें, पेटविणें व टाकणें, अशा या चार क्रिया होत. त्यांपैकीं एकच क्रिया काम देते. बाकीच्या तिन्ही तिची तयारी करणाऱ्या किंवा तिच्यामागून झाडलोट करणाऱ्या आहेत.

येथें एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. पिस्टन हवा ओढतो असें आपण म्हणतों, परंतु खरें पाहतां तो केवळ जागा मोकळी करतो. त्या जागेंत हवेला लोटणारा असतो तो बाहेरच्या वातावरणाचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅम असतो. पिचकारीचा दट्ट्या मागें घेतल्यावर पाणी आंत चढतें तेंही याच कारणानें. जें इंजिन या नैसर्गिक दाबावरच आपला श्वास घेतें, त्याला आपण स्वश्वासी इंजिन म्हणूं. कांहीं इंजिनांना मात्र टर्बो नांवाचा पंखा जोडलेला असतो. लोहार भाता मारून भट्टींत अधिक हवा घालतो, तसा हा पंखा सिलिंडरांत हवा कोंबतो, व तो फिरतो तो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर. पद्मिनीच्या पेट्रोल-इंजिनाला असा भाता नव्हता. म्हणून राजोडीच्या किनाऱ्यावर अशा इंजिनाला पुरता श्वास मिळतो; पण तेंच इंजिन सुमारें १,३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वराला नेलें तर तेथील हवा विरळ असल्यामुळें त्याचें बळ स्थूलमानानें आठव्या हिश्शानें घटतें. घाटाच्या माथ्यावर गाडी मंद वाटते तेव्हां दोष नेहमींच गाडीचा नसतो.

आतां आंकड्यांकडे वळूं. पद्मिनीच्या इंजिनांत चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर व पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. वृत्तचितीचें घनफळ काढण्याची रीत तुम्हीं वर्गांत शिकलांच आहां. त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, तिचा वर्ग ११.५६, त्याला ३.१४१६ नें गुणून सुमारें ३६.३२, त्याला धांव ७.५ नें गुणून सुमारें २७२.४, आणि चार सिलिंडर म्हणून चौपट केल्यास सुमारें १,०८९ घनसेंटिमीटर. गाडीच्या कागदावरही हाच आंकडा छापलेला असे. इंजिन ‘अकराशें सीसीचें’ आहे असें लोक म्हणतात त्याचा अर्थ एवढाच कीं, त्याच्या सर्व सिलिंडरांत मिळून एका खेपेला सुमारें इतकी हवा मावते. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदां श्वास घेतो. तेव्हां मिनिटाला ४,००० फेरे होत असतांना हें इंजिन पूर्ण भरलें, तर तें मिनिटाला २,१७८ लिटर हवा घेईल. वाटेंतील अडथळ्यांमुळें प्रत्यक्षांत तें त्याहून कमी घेतें. हवा गाळणारी जाळी धुळीनें बुजली तर श्वास आणखी अपुरा पडतो, हें यावरून सहज ध्यानांत येईल.

दुसरा आंकडा अश्वशक्तीचा. पद्मिनीचें इंजिन सुमारें ४० अश्वशक्ती देई. पुढें मारुती स्विफ्ट गाडींत आलेलें १,१९७ घनसेंटिमीटरचें इंजिनही स्वश्वासीच होतें, परंतु तें सुमारें ८३ अश्वशक्ती देऊं लागलें. आकार दशांशानें वाढला आणि बळ दुप्पट झालें, हें कसें? नव्या इंजिनांत दर सिलिंडरला दोहोंऐवजीं चार झडपा आहेत, म्हणून श्वास मोकळा झाला. मिश्रण अधिक दाबलें जातें, म्हणून त्याच पेट्रोलांतून अधिक काम निघतें. कार्बोरेटरच्या जागीं पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा आली, आणि ठिणगी केव्हां पडावी हें छोटा संगणक ठरवितो. शिवाय तें अधिक वेगानें फिरूं शकतें. हवा तीच, पेट्रोलही बहुतेक तेंच. सुधारली ती व्यवस्था.

परंतु कोणत्याही कागदावर भरंवशाचा आंकडा छापलेला नसतो, आणि घर चालविणाऱ्या माणसाला तर तोच हवा असतो. गाडी एक दिवस बंद राहिली तर टॅक्सीवाल्याची त्या दिवसाची कमाई बुडते व बागायतदाराची भाजी सुकते. म्हणून भरंवसा या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्यांत दोन निराळे गुण एकत्र मिसळलेले असतात. गाडी क्वचित् बिघडणें हा एक गुण. बिघडल्यास सहज दुरुस्त होणें हा दुसरा. पद्मिनीपाशीं दुसरा गुण विपुल होता. तिचें इंजिन साधें, त्यावरचा ताण बेताचा, सुटे भाग सर्वत्र मिळणारे, आणि नाक्यावरचा मिस्त्री पाना व स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिला चालती करी. पहिला गुण मात्र तिच्यांत बेताचाच होता. कार्बोरेटर साफ करणें, प्लग घासणें, ठिणगीचे पॉइंट जुळविणें ही तिची नित्याची सेवा असे, आणि उन्हाळ्यांत गर्दींत ती तापे. नवीं इंजिनें हजारों किलोमीटर विनातक्रार चालतात. पण त्यांचा संगणक रुसला तर रस्त्याच्या कडेला बसून कोणालाही तो समजावितां येत नाहीं. ज्याला ज्या गुणाची गरज, त्यानें तो पाहून गाडी घ्यावी.

टर्बो असलेलें इंजिन वाईट असें मात्र समजूं नये. त्याचा पंखा मिनिटाला एक लाखाहूनही अधिक फेरे घेतो व तप्त धुरांत राहतो. म्हणून त्याला चांगलें तेल वेळच्या वेळीं लागतें. स्वश्वासी इंजिनांत हा एक नाजूक भाग नसतो, इतकाच त्याचा लाभ. तेल बदलण्याची हयगय केली तर दोन्ही सारखींच निकामी होतात.

आपल्या किनाऱ्याला कांहीं गोष्टी विशेष लागू आहेत. खाऱ्या दमट हवेनें लोखंड गंजतें व बॅटरीच्या टोकांवर क्षार चढतो. तीं वरचेवर स्वच्छ करावीं. समुद्रालगतच्या कांहीं विहिरींचें पाणी मचूळ असतें. तें रेडिएटरमध्यें ओतल्यास आंत गंज व क्षारांचा थर धरून इंजिन तापूं लागतें. तेथें कंपनीनें सांगितलेलें कूलंटच घालावें. पेट्रोलमध्यें आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉलची उष्णता पेट्रोलहून लिटरमागें सुमारें एक-तृतीयांश कमी असल्यानें अशा मिश्रणांत सहा-सात टक्के कमी उष्णता मिळते. तें ओलावाही शोषून घेतें, म्हणून गाडी महिनोन्महिने पेट्रोल भरून उभी ठेवूं नये. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या अशा मिश्रणासाठीं बनविलेल्या नसतात. त्या तपासून घ्याव्या.

सर्वांत मोठा धोका पावसाळ्याचा. जुलै २०१८ मध्यें आपल्या वसई-विरार भागांत इतकें पाणी तुंबलें कीं रेल्वेही बंद पडली. अशा पाण्यांतून जातांना इंजिनानें हवेऐवजीं पाणी ओढून घेतलें, तर काय होतें? हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलें जात नाहीं. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि त्याला फिरत्या दांड्याशीं जोडणारा लोखंडी हात वांकतो. म्हणून पाण्यांत गाडी बंद पडली तर ती पुन्हां सुरू करण्याचा प्रयत्न बिलकुल करूं नये. ढकलून बाहेर काढावी व मिस्त्रीनें प्लग काढून आंतलें पाणी बाहेर घालविल्यावरच किल्ली फिरवावी. हा एक नियम पाळला तर मोठा खर्च वांचतो. दुसरा नियम जिवाचा आहे: दार बंद असलेल्या खोलींत इंजिन चालूं ठेवूं नये, कारण त्याच्या धुरांत वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो.

जुनी गाडी घेणाऱ्या पालकांनीं इंजिन पूर्ण थंड असतांनाच तें सुरू करवून पाहावें. विक्रेत्यानें तें आधींच तापवून ठेवलें असेल तर पुष्कळ दोष झांकले जातात. मग धुराचा रंग पाहावा. निळसर धूर म्हणजे वंगणाचें तेल जळत आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. गाडी तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला तर कूलंट सिलिंडरांत शिरत असावें. तेल तपासण्याची पट्टी काढून पाहावी. तेल दुधासारखें गढूळ दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे असें समजावें. या परीक्षेला पैसा लागत नाहीं, केवळ दहा मिनिटें लागतात.

शेवटीं विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं हीरो स्प्लेंडर मोटारसायकल असेल. तिला एकच सिलिंडर आहे. व्यास ५० मिलिमीटर व धांव ४९.५ मिलिमीटर. वर दिलेल्या रीतीनें तिचें घनफळ काढा आणि तें ९७.२ घनसेंटिमीटर येतें कीं नाहीं तें ताडून पाहा. मग घरच्या गाडीची पुस्तिका उघडा, तींत तेल किती किलोमीटरांनीं बदलावें असें लिहिलें आहे तें शोधा, आणि शेवटचें केव्हां बदललें हें वडिलांना विचारा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर तुमच्या वहींत राहील. दुसऱ्याच्या उत्तरावर गाडीचें आयुष्य अवलंबून आहे.