थंडीच्या आत ये

मणक्याचा टीबी निघाला तेव्हा आम्हाला नगर सोडून लखनौच्या जानकीपुरमला येऊन अकरा वर्षं झाली होती. टेढी पुलियाच्या भाजीवाल्यापासून मंडळीतल्या पाळकांपर्यंत सगळे नावानिशी ओळखत. पहिला आठवडा घर माणसांनी भरलेलं. मग डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या दीड वर्ष, सुरुवातीचे तीन महिने पाठीवर पडून. महिन्याभरात दारावरची बेल वाजेनाशी झाली. हाडातला टीबी फुप्फुसात नसेल तर शेजारी बसून लागत नाही, हे कुणाकुणाला सांगणार?

मग मी एक वाईट उद्योग केला. उशाखाली वही ठेवली. फोन आला की तारीख, नाही आला की नावापुढं फुली. थोरल्या दादाच्या सात फुल्या झाल्या. स्वतः मात्र एकालाही फोन लावला नाही. परीक्षा घेत होतो, पण पेपर कुणाला दिलाच नव्हता.

बायको रात्री बायबल वाचून दाखवायची. ईयोबाच्या तीन मित्रांना आपण सरसकट नावं ठेवतो. पण अलीफज, बिल्दद आणि सोफर आधी सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. आजाऱ्याला भेटायला जाताना एवढं तरी लक्षात ठेवा. मला एकानं विचारलं होतं, ‘‘विश्वासात कुठं कमी पडलात का?’’ पाठीपेक्षा ते जास्त दिवस दुखलं. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. कुणी तो मागाहून जोडलाही नाही. म्हणजे देवापुढं गाऱ्हाणं मांडायला मुभा आहे. वहीत फुल्या मारण्यापेक्षा ते बरं.

मला हलवलं ते पौलानं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय काढून बघा. माणूस कैदेत आहे, देमास सोडून गेलाय, पहिल्या सुनावणीला कुणी बाजूनं उभं राहिलं नाही. हे तो झाकत नाही. आणि त्याच पत्रात मागतो काय? त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तकं, चर्मपत्रं. हिवाळ्याआधी ये म्हणतो, मार्कालाही आण म्हणतो. हा मार्क म्हणजे पंफुल्यातून अर्ध्यावर परत फिरलेला, ज्याच्यापायी पौलाचं बर्णबाशी बिनसलं, तोच!

दुसऱ्या दिवशी दादाला फोन लावला. तक्रार घशाशी आली होती. म्हटलं, ‘‘दादा, इथं डिसेंबरात दुपारपर्यंत धुकं असतं. आईची गोधडी घेऊन ये. थंडीच्या आत ये.’’

‘‘अरे, तू काही बोलला नाहीस, मला वाटलं...’’ पुढं त्याला बोलवेना.

नोव्हेंबरच्या शेवटी तो चारबाग स्टेशनवर उतरला, गोधडी वायरच्या पिशवीत कोंबलेली. चार दिवस राहिला. बोलणं फार झालं नाही. रोज गच्चीत गोधडी उन्हात टाकायचा आणि संध्याकाळी गरम असतानाच माझ्या पायांवर घालायचा.

तेव्हापासून अंथरुणाला खिळलेल्या कुणालाही सांगतो : ‘कधीतरी या’ म्हणू नका, ‘मंगळवारी दवाखान्यात नंबर लावाल का’ म्हणा. समोरच्या भाभीजींकडं एकदा तहरी मागितली, तर डबा देताना त्याच रागावल्या, ‘‘पहले क्यों नहीं कहा?’’

सगळे येतात असं नाही. कॉलेजातला माझा जिवलग मित्र बोलावूनही आला नाही. त्याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. दर नाताळला फोन करतो. कधी उचलतो, कधी नाही.