दिवाणखान्यातील समुद्र

प्रस्तावना

दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, उपाहारगृहाच्या दर्शनी भागात किंवा एखाद्या परिचिताच्या घरी काचेच्या पेटीत पोहणारे मासे आपण पाहिले असतील. अशा पेट्यांत बहुधा गोडे पाणी असते आणि त्यांची निगा राखणे तुलनेने सोपे असते. समुद्रातील प्रवाळभित्तीचे छोटे प्रतिरूप मात्र मासे, शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीवाणू यांच्यासह घरात उभे करणे हे निराळेच काम आहे. त्यासाठी स्थापत्य, रसायन, वीज, जीवशास्त्र आणि कायदा या सर्वांची थोडीथोडी जाण लागते. असे मोठे मत्स्यालय कसे आखतात आणि कसे उभारतात, हे प्रस्तुत पाठात आपण समजून घेणार आहोत. वाचताना कागद-पेन्सिल हाताशी असू द्यावी. मधूनमधून काही हिशेब करावे लागतील.

मूळ पाठ

संस्कृतातील ‘प्रवाल’ या शब्दापासून मराठीत ‘पोवळे’ हा शब्द आला. तो आपल्याला परिचित आहे तो दागिन्यांमुळे. नवरत्नांत गणले जाणारे तांबडे पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येत असे. ते प्रवाळभित्ती बांधत नाही. भित्ती बांधणारी पोवळी उष्ण कटिबंधातील उथळ व स्वच्छ समुद्रात वाढतात. पोवळे हे दिसायला झुडूप आणि हाताला दगड वाटते. प्रत्यक्षात तो प्राणी आहे, किंबहुना असंख्य इवल्या प्राण्यांची वसाहत आहे. प्रत्येक प्राणी आपल्याभोवती चुन्याचे कठीण घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ते अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला मिळतो. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा सहवास मोडतो. शैवाल निघून जाते आणि पोवळे पांढरेफटक पडते. यालाच विरंजन म्हणतात. १९९८ साली लक्षद्वीपमधील प्रवाळांचे अशा विरंजनामुळे अतोनात नुकसान झाले. त्यानंतर २०१० व २०१६ सालीही हे संकट आले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर केले.

भारतात लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात ही प्रवाळांची प्रमुख स्थाने आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्याजवळही थोडी पोवळी आढळतात.

छंदाची वाटचाल

समुद्रजीव काचेत ठेवण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच सुमारास निसर्ग-अभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी आपल्या लेखनातून इंग्लंडमध्ये या छंदाचे वेड पसरवले. मासे जगत, पोवळी मात्र जगत नसत. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी एक साधा मार्ग दाखवला. समुद्रातील जीवाणूंसह आणलेले खडक, स्वच्छ समुद्रपाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच त्यांनी पोवळी जगवली. पुढे बर्लिनमधील छंदिष्टांनी त्याला प्रखर प्रकाशाची आणि पाण्यातील मळ फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. तिथल्या डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीत वाढलेल्या एका पोवळ्याचे तुकडे हस्ते-परहस्ते युरोपातील आणि नंतर अमेरिकेतील कितीतरी टाक्यांत जाऊन रुजले. समुद्राला हात न लावता पोवळी वाढवता येतात, हे यातून दिसून आले.

आधी कायदा

मोजपट्टी हाती घेण्यापूर्वी भारतातील वाचकाने कायदा समजून घेणे अगत्याचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारी पोवळी, काळे पोवळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण आहे तेच पोवळ्याला आहे. आपल्या समुद्रातून पोवळे काढणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. किनाऱ्यावरून उचललेला मेलेल्या पोवळ्याचा तुकडाही यातून सुटत नाही. परदेशी जातींवर वन्यजीवांच्या व्यापाराविषयीचा ‘सायटीस’ हा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो, आणि त्या करारातील परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन घातले आहे. ‘सगळेच ठेवतात, काही होत नाही,’ असे सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याच्या दुकानातून मुकाट्याने बाहेर पडावे. शंका असल्यास राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात विचारावे.

मग आपल्याकडे असे मत्स्यालय करूच नये काय? करता येते, मात्र समुद्रातून आणलेल्या जिवंत खडकांऐवजी सच्छिद्र मातीचे भाजलेले कृत्रिम खडक आणि पकडून आणलेल्या माशांऐवजी पैदास केंद्रात जन्मलेले मासे घ्यावे लागतात. खडकांची रचना, पाण्याचा प्रवाह आणि जीवाणूंचे काम यांत काहीही फरक पडत नाही. पोवळी नसल्यामुळे प्रकाशाचा खर्च कमी होतो, हा वेगळाच लाभ. नवशिक्याचे यात काहीच बिघडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वजनाचा हिशेब

समजा, १८० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच अशी टाकी करावयाची आहे. तिचे आकारमान सुमारे ६४८ लिटर. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून जड असते, म्हणून एवढ्या पाण्याचे वजन ६६० किलोंच्या पुढे जाते. १५ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन जवळपास १५० किलो होते. त्यात खडक, लोखंडी चौकट आणि खालच्या कप्प्यातील पाण्याने भरलेली दुसरी टाकी मिळवा. एकूण भार सुमारे एक टन होतो आणि तो उभा असतो एका चौरस मीटरहून किंचित मोठ्या जागेवर. भारतीय मानकानुसार निवासी खोलीच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार गृहीत धरतात. हा आकडा संपूर्ण खोलीवर विभागलेल्या भाराचा असल्यामुळे दोहोंची थेट तुलना करता येत नाही. पण धोका कोठे आहे, ते त्यावरून कळते. तळमजला सर्वांत चांगला. वरच्या मजल्यावर टाकी ठेवायची असल्यास ती तुळईवर, खांबालगत यावी आणि संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला घेतल्याखेरीज काचेची मागणी नोंदवू नये. खाली राहणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यावर आपण एक टन ओझे ठेवत आहोत, याचे भान असावे.

टाकी उंच असावी, असे अनेकांना वाटते. परंतु पाण्याचा दाब लांबीवर नव्हे, तर खोलीवर अवलंबून असतो. उंची वाढली की काच जाड घ्यावी लागते आणि खर्च झपाट्याने वाढतो. शिवाय तळाशी पडलेला खडक उचलायला हात पोहोचला पाहिजे. ६० सेंटिमीटरपर्यंत तो पोहोचतो, पुढे खांदा भिजतो. टाकी घरात आणल्यावर चौकट पाणसळीने तपासावी आणि साधे पाणी भरून आठवडाभर गळती पाहावी. मीठ घातल्यावर सापडलेली गळती फार महागात पडते.

खालची टाकी

मुख्य टाकीच्या खाली, कपाटात, आणखी एक लहान टाकी असते. वरचे पाणी एका कडेवरून ओसंडून नळीने खाली येते, तेथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर जाते. वीज गेली की पंप थांबतो. पण कडेच्या पातळीपर्यंतचे पाणी खाली येतच राहते. वरची पातळी केवळ ३ सेंटिमीटरने उतरली, तरी १८० × ६० × ३ या गणिताने ३२ लिटरांहून अधिक पाणी खाली येईल. तेवढी जागा खालच्या टाकीत नेहमी रिकामी हवी. नाहीतर ते पाणी थेट जमिनीवर येते. पंपाच्या परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक छिद्र ठेवावे. पातळी उतरताच त्यातून हवा शिरते आणि उलटा ओढा तुटतो. पाणी भरल्यानंतर पंपाचे बटण मुद्दाम बंद करून ही परीक्षा घ्यावी आणि ती दोनदा घ्यावी.

विजेविषयी आणखी एक बाब. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. म्हणून सर्व जोडण्या गळतीच्या वेळी वीजप्रवाह आपोआप तोडणाऱ्या सुरक्षा खटक्यामधून घ्याव्यात. प्रत्येक तार प्लगपर्यंत जाण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवावी. म्हणजे तिच्यावरून ओघळणारे थेंब प्लगमध्ये न जाता वाटेतच खाली पडतात.

पाणी आणि मीठ

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दोन्ही टाक्यांत मिळून ७०० लिटर पाणी असेल, तर सुमारे २५ किलो मीठ लागेल. स्वयंपाकाचे मीठ येथे उपयोगी नाही. त्यात जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड असते. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेटही ठरावीक प्रमाणात असतात. त्यासाठी तयार समुद्रमिश्रण मिळते. ते नळाच्या पाण्यात न मिसळता शुद्धीकरण यंत्रातून काढलेल्या पाण्यात मिसळावे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवांना घातक ठरतो आणि फॉस्फेट शेवाळ माजवते. मोठ्या शहराच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा मोह तर टाळावाच.

येथे बहुतेक नवशिके गोंधळतात. बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ जात नाही. रोज ७ लिटर पाणी उडून जात असेल आणि दहा दिवस भर घातली नाही, तर ७०० लिटरांचे ६३० लिटर उरतील आणि क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ होईल. म्हणून उणे झालेले पाणी नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने भरून काढायचे असते. खारे पाणी घालायचे ते जुने पाणी उपसून बदलताना.

तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस राखावे. नागपूर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात शीतयंत्राशिवाय ते शक्य नाही, आणि शीतयंत्र पाण्यातील उष्णता खोलीत टाकते. त्याला बंद कपाटात कोंडू नये.

रिकाम्या टाकीचे सहा आठवडे

पाणी भरले, खडक रचले, दिवे लागले. आता मासे आणावेत, असे घरातील मुले म्हणू लागतात. येथेच धीर धरावा लागतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो; तो विषारी असतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते. हे जीवाणू खडकांच्या छिद्रांत वस्ती करतात आणि त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत चिमूटभर खाद्य टाकून अमोनिया निर्माण होऊ द्यावा आणि चाचणी संचाने मोजत राहावे. अमोनिया वाढतो आणि उतरतो. मग नायट्राइट वाढते आणि उतरते. दोन्ही शून्यावर स्थिर झाल्यावरच पहिला मासा येतो. मधल्या काळात काचेवर तपकिरी थर चढेल. पाहुणे नाक मुरडतील. त्यांना मुरडू द्यावे.

पहिला मासा म्हणून विदूषक मासा योग्य ठरतो. केंद्रीय समुद्री मत्स्यिकी अनुसंधान संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र भारतात विकसित केले आहे. याचे सर्व मासे नर म्हणून जन्मतात. गटातील सर्वांत मोठा मासा पुढे मादी होतो. समुद्रातून पकडलेला मासा स्वस्त मिळाला, तरी तो घेताना विचार करावा. आग्नेय आशियातील काही समुद्रांत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची प्रथा १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. त्यात आजूबाजूची पोवळीही मरतात. नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून निरोगी असल्याची खात्री झाल्यावरच मुख्य टाकीत सोडावा.

वीज जाणाऱ्या गावात पाणी हलते ठेवणारा एक लहान पंप तरी इन्व्हर्टरवर असलाच पाहिजे. दिवे बंद राहिले तरी चालतात. थांबलेल्या पाण्यातील प्राणवायू मात्र काही तासांतच घटतो. घरातील आणखी एका माणसाला हे सारे शिकवून ठेवावे आणि पंप, खटके व पाण्याची भर यांची माहिती कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी.

शब्दार्थ
विरंजन – रंग जाऊन पांढरे पडणे. क्षारता – पाण्यातील क्षारांचे प्रमाण. पाणसळ – पृष्ठभाग समपातळीत आहे की नाही हे पाहण्याचे साधन. बाष्पीभवन – पाण्याची वाफ होणे. अगत्याचे – अत्यंत आवश्यक.

भाषा अभ्यास
‘मत्स्यालय’ या शब्दाची फोड मत्स्य + आलय अशी होते. अ आणि आ हे दोन स्वर एकत्र येऊन आ हा दीर्घ स्वर झाला. याच पद्धतीने ग्रंथालय, हिमालय आणि विद्यालय या शब्दांची फोड करा.

पाठान्त प्रश्न
१. टाकीची लांबी १२०, रुंदी ५० आणि उंची ५० सेंटिमीटर असल्यास तिच्यात किती लिटर पाणी मावेल? वरची पातळी ४ सेंटिमीटरने उतरली, तर खालच्या टाकीत किती लिटर जागा रिकामी असावी लागेल?
२. उडून गेलेल्या पाण्याची भर खाऱ्या पाण्याने का घालू नये?
३. मेलेले पोवळे शोभेसाठी घरी ठेवणाऱ्या शेजाऱ्याला कायद्याची माहिती देणारे पत्र आठ-दहा ओळींत लिहा.