दोन टाक्यांमधला कॉक

भोकरचा माणूस समुद्राच्या गोष्टी सांगायला लागला की आमच्याकडे लोक आधी हसून घेतात. बरोबरच आहे. भोकरहून मुंबई म्हणजे नंदीग्राम एक्स्प्रेसमधली एक अख्खी रात्र, आणि तिथे गेल्यावर जो समुद्र भेटतो तो भेळ खात बघायचा. मीही चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा तसाच बघितला. पुढे नोकरीने आधी पुण्याला आणि मग सिंगापूरला नेलं. तिथे देवगडकडचा एक मित्र भेटला, त्याच्याकडे अडतीस फुटी शिडाची बोट होती. २०१९ च्या जानेवारीत तो, वहिनी आणि मी असे तिघं लंकावीहून फुकेत आणि फुकेतहून अंदमान अशा प्रवासाला निघालो. त्या प्रवासात माझ्या हातून एक चूक झाली. अडाण्याची चूक असती तर लिहायला बसलो नसतो. मला यातलं कळतं, या तोऱ्यात ती झाली.

तोरा पाण्याचा होता. आम्ही टँकरमागे पळत मोठे झालो. अंघोळीचं पाणी खाली परातीत धरून ते झाडाला घालायचं, भाजी धुतलेलं पाणी म्हशीला, हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा सिंगापुरातले लोक मला ती बातमी दाखवून विचारत, हे खरं आहे का? मी सांगायचो, खरं आहे, आणि आमची माणसं त्यातही पाहुण्याला चहा पाजतात. तर अशा माणसाने बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या जाहीर करून टाकलं की पाण्याचं खातं माझ्याकडे. मित्र कोकणातला, घरामागे विहीर असलेला. त्याने आनंदाने देऊन टाकलं.

बोटीत बाकांखाली दोन टाक्या होत्या, प्रत्येकी एकशे ऐंशी लिटरच्या. खाऱ्याचं गोडं करणारं छोटं यंत्रही होतं, पण त्याचा पडदा खराब झालेला. म्हणजे जे भरून घेऊ तेच. शहरात माणशी रोज एकशे पस्तीस लिटर पाणी लागतं असं सरकारी हिशेब धरतात. आम्ही माणशी सहा लिटर धरलं. पिणं, चहा, स्वयंपाक, दात घासणं, सगळं त्यात.

हे जमतं कसं, ते आधी सांगतो. शिडाच्या बोटीवरचा दिवस फोटोत दिसतो तसा नसतो. फोटोत माणूस पुढच्या जाळीवर पालथा पडलेला असतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळ काहीतरी पुसत, घासत किंवा बांधत असतो. रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या, म्हणून झोप तुकड्यातुकड्यांत. सकाळी आधी डेकवर फेरी मारायची, रात्री उडून पडलेले मासे फेकायचे, दोऱ्या कुठे घासल्या गेल्यात ते बघायचं. मग भांडी. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी फुलझाडांवर मारायच्या फवाऱ्यातून चार फवारे गोड्या पाण्याचे. भातात तीन वाट्यांमागे एक वाटी समुद्राचं पाणी घातलं की मीठ वेगळं लागत नाही. मी पहिल्या दिवशी अर्धंअर्धं घातलं, तो भात माशांनी खाल्ला.

अंघोळही खाऱ्यानेच. अंगाच्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, नुसता चिकट थर बसतो. भांड्यांचा पातळ साबण किंवा शाम्पू मात्र छान फेसाळतो. शेवटी एक तांब्या गोडं पाणी डोक्यावरून. हा तांब्या वाचवायला जाऊ नका. मीठ अंगावर राहिलं की कातडी ओलसर राहते, दमट हवेत काखेत आणि मांड्यांना बारीक फोड येतात, आणि मग बसणंही अवघड होतं. कपड्यांचं तेच. खाऱ्या पाण्यात धुतलेला शर्ट उन्हात कडक वाळतो आणि रात्री पुन्हा ओला लागतो, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं.

खाण्याचं म्हणाल तर कांदे, बटाटे, कोबी, लिंबं यांना फ्रीज लागत नाही. केळी घेऊ नका असं नाही, पण अख्खा घड एकाच दिवशी पिकतो आणि मग तीन दिवस सगळे केळीच खातात. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर चढवायची नाहीत, त्यांच्या पापुद्र्यात झुरळांची अंडी येतात. मी भोकरहून ज्वारीचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि आमच्या गावाच्या नावाचं, म्हणजे भोकराचं, लोणचं नेलं होतं. लोणचं पुरलं. पीठ महिनाभरात जुनं झालं, विरी गेली, आणि आधीच हलणाऱ्या शेगडीवर तुटकी भाकरी उलटताना मी जे बोललो ते वहिनींसमोर बोलायला नको होतं. ज्वारी न्यायची असेल तर अख्खी न्या आणि हाताची छोटी चक्की न्या. आणि गॅस. घरच्या टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून बाहेर जातो, बोटीत त्याला जायला वाट नाही. तो तळाशी साचून बसतो आणि ठिणगीची वाट बघतो. चहा झाला की टाकीचा कॉक बंद, दर वेळी, पाच मिनिटांत पुन्हा चहा होणार असला तरी.

आता ती रात्र.

फुकेत ते पोर्ट ब्लेअर चारशे सागरी मैल. त्या दिवसांत वारा ईशान्येकडून येतो, बोटीला बाजूने लागतो, म्हणून चार दिवस धरले होते. दोन दिवस मला ओकाऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि अंगात उत्साह आला, तिथेच घोळ झाला. बोट एका बाजूला कलते आहे असं मला वाटलं. डावी टाकी थोडी वापरून झाली होती, उजवी भरलेली. दोन्हींच्या मध्ये एक पितळी कॉक होता. मी तो उघडला, म्हणजे पाणी समान होईल. झालंही. समाधानाने चहा प्यायलो आणि कॉक तसाच राहिला.

रात्री वारा पडला, इंजिन चालू केलं. दोन ते पाच माझी पाळी. नळाच्या पाण्याला दाब देणारा छोटा विजेचा पंप असतो, तो कुणीतरी बंद करायचा राहिला होता. कुणी, यावर आम्ही आजही बोलत नाही. अडीचच्या सुमारास हात धुण्याच्या बेसिनखाली पाइपवरचा क्लिप सुटला. दाब गेला की पंप आपोआप सुरू होतो. तो मिनिटाला दहा-बारा लिटर ओढत राहिला. इंजिनच्या आवाजात पंपाची घरघर कुणाला ऐकू येणार? पाणी बोटीच्या तळाशी जमलं, तिथला दुसरा पंप जागा झाला आणि त्याने ते इमानेइतबारे समुद्रात फेकलं.

मला याची खबर मिळाली होती, हे सगळ्यांत लागणारं आहे. तळातला पंप चालला की सुकाणूशेजारी एक लाल दिवा लागतो. तो लागला. विझला. परत लागला. मी मनाशी म्हटलं, पंख्याच्या दांड्याशी समुद्राचं पाणी ठिबकतंच, नेहमीचं आहे. आणि आकाशातले तारे बघत बसलो. तारे खरोखरच फार सुंदर होते.

पहाटे वहिनी चहा ठेवायला उठल्या. नळातून हवा आली.

मित्राने काय केलं असेल? ओरडला नाही. खाली वाकला, तळातलं उरलेलं ओंजळभर पाणी बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि म्हणाला, "गोडं आहे." बस्स. तीनशे लिटरच्या वर गोडं पाणी आम्ही अंदमानच्या समुद्राला अर्पण केलं होतं, आणि समुद्राला त्याचा पत्ताही नव्हता. डेकवर बांधलेले वीस लिटरचे दोन कॅन आणि लिटरच्या बारा बाटल्या एवढं शिल्लक होतं. बावन्न लिटर, तीन माणसं, दोनशे मैल आणि वारा शून्य. डिझेल सगळं अंतर काटायला पुरणारं नव्हतं.

मेलो असतो असं म्हणणार नाही, तो खोटेपणा होईल. माणशी तीन लिटरांनी पाच दिवस निघाले असते, आणि आम्ही अडीच दिवसांत पोचलो. पण त्या अडीच दिवसांत वारा अजून आठवडाभर आलाच नाही तर, हा विचार कुणाच्याच डोक्यातून गेला नाही. कुणी पाणी प्यायलं की उरलेले दोघं नकळत त्याच्या घशाकडे बघायचे. लहानपणी टँकरच्या रांगेत बघितलेली नजर मी तिथे पुन्हा बघितली. चारी बाजूंनी पाणी, आणि त्यात ती नजर.

तेव्हा मला मायच्या स्वयंपाकघराची मांडणी आठवली. आमच्या घरात पाणी कधी एका ठिकाणी नसायचं. दारातल्या पिंपात वापरायचं, माजघरात रांजण, ओट्यावर तांब्याची घागर, देवाजवळ कळशी, आणि खाटेखाली झाकून ठेवलेले दोन हंडे, ज्यांना टँकर आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. लहानपणी मी एकदा सगळं एकाच मोठ्या पिंपात ओतायला निघालो, तर ती म्हणाली होती, "काय करायलास? त्यात उंदीर पडला म्हंजे?" मी दुष्काळातून काटकसर तेवढी उचलली होती. वाटून ठेवणं राहून गेलं होतं. थेंब मोजणारा माणूस कॉक उघडा ठेवून झोपला.

म्हणून कुणी बोलावलं तर, आणि आता बोलावणी येतात, आमच्याकडची पोरं मर्चंट नेव्हीत आहेत, गोव्याला शीड चालवायला शिकतात, तर पहिल्याच दिवशी बोटीवरचे सगळे कॉक हाताने शोधून काढा. टाक्यांमधला कॉक बंद ठेवा. एका वेळी एकच टाकी वापरा आणि दुसरीला हात लावला की वहीत लिहा. पाण्याचा पंप कामापुरता चालू, काम झालं की बटन बंद. पायाने दाबायचा पंप असेल तर उत्तमच, तो झोपेत आपोआप चालत नाही. कॅन डेकवर बांधा, पण गळ्यापर्यंत भरू नका, थोडी हवा राहिली की ते समुद्रात पडले तरी तरंगतात. प्रत्येक पाइपला दोन क्लिप. आणि तळातला दिवा लागला की रात्र असो, थंडी असो, उठा, झाकण उघडा आणि पाणी चाखा. खारट असेल तर बोट गळते आहे, गोडं असेल तर तुमचा जीव गळतो आहे. चव घ्यायची शिसारी येते खरी. मला आता येत नाही.

पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, कागदपत्रांत एक दिवस गेला. तिथे फिरताना रोज सकाळ-संध्याकाळ रेडिओवर आपण कुठे आहोत ते कळवावं लागतं, आणि कितीतरी बेटांजवळ जायलाच मनाई आहे. त्याबद्दल कुरकुर करणारे परदेशी खलाशी मी बघितले. मला ते नियम पटले, तिथल्या मूळ लोकांना आपली सर्दीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. खाडीच्या तोंडाशी पोहायचं नाही, मगरी खाऱ्या पाण्यातही असतात आणि पाट्या शोभेला लावलेल्या नसतात.

मला मगर नाही, प्रवाळ चावलं. स्वराज द्वीपाजवळ पोहताना घोट्याला बोटभर खरचटलं, रक्तही धड आलं नाही. आमच्याकडे शेतात याहून मोठं लागलं तर हळद दाबून माणूस कामाला लागतो. मी हळद दाबली. प्रवाळाचे बारीक कण आत राहतात, वर दिवसभर ओल, आणि उष्ण हवेत जखम बंद होतच नाही. चौथ्या दिवशी पाय जोड्यात जाईना, तापही आला, मग दवाखान्यात नेऊन ती जखम ब्रशने घासली, तेव्हा मी ज्या देवांची नावं घेतली त्यात नांदेडचे, माहूरचे, लातूरचे सगळे आले. तेवढ्यासाठी पाणी वाचवू नका: खरचटलं की त्याच क्षणी गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवा, जंतुनाशक लावा, आणि सुकेपर्यंत समुद्रात उतरू नका. वाळूतल्या बारीक माशा चावल्या तर खाजवू नका, तीही जखमच होते.

परतल्यावर मी दिलीप दोंदे यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० ला पृथ्वीला वळसा घालून परतले, गोव्यात बांधलेल्या छप्पन्न फुटी ‘म्हादेई’वरून. असं करणारे ते पहिले भारतीय. ती कल्पना ज्यांची, ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायचे कुठे, तर फलटणजवळ विंचुर्णीला, तोही कोरडाच मुलूख. मला याचा उगाच आनंद झाला. नऊ महिने सगळे कॉक एकटा माणूस बघतो, हे मात्र मला अजून नीट झेपलेलं नाही.

भोकरला गेलो तेव्हा मायला सगळं सांगितलं. घोट्यावरचा व्रण दाखवला, बावन्न लिटरांचा हिशेब सांगितला. ती ज्वारी निवडत ऐकत होती. मधेच थांबून म्हणाली, "अन् भोवती सगळं पाणीच ना रे?"

मी म्हटलं, हो.

"मंग तुमी तिघं काय करायलतं?"

उत्तर द्यायच्या आत गल्लीत ओरडा झाला, नळ आला होता. ती सूप बाजूला ठेवून उठली आणि आधी खाटेखालचे हंडे ओढले.