केबिनच्या पोटातला पाऊस

मे महिना संपत आला की हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर ठोकाठोक सुरू होते. पर्यटकांसाठी खांबांवर उभारलेल्या लाकडी खोल्या उतरवल्या जातात, फळ्या, वासे रचून ताडपत्रीखाली जातात. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेतही गोव्यासाठी सप्टेंबर ते मे या काळातल्या तात्पुरत्या, हंगामी बांधकामांची वेगळी तरतूद आहे. थोडक्यात, या खोल्यांनी गोव्याचा भर पावसाळा कधी अंगावर घेतलेलाच नसतो. फळ्यांच्या फटींतून खालची वाळू दिसते, वारा वर येतो, आणि कोरड्या दिवसांत ते सुखाचेच वाटते.

पोर्टा केबिनचे तसे नाही. ती लॉरीवरून येते, क्रेनने चार-सहा ठोकळ्यांवर ठेवली जाते आणि बारा महिने तिथेच राहते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. एवढे पाणी पत्र्यावर वाजते ते सगळ्यांना ऐकू येते. तळाखाली काय चालले आहे, हे वाकून पाहायचे कुणाला सुचत नाही.

पेडणे तालुक्यातल्या एका दांपत्याला ते पाहावे लागले. कातळी सड्याच्या उतारावर त्यांची काजूची बाग आहे. तिथे राहायला म्हणून त्यांनी वीस बाय दहाची केबिन घेतली. लोखंडी चॅनेलचा सांगाडा, त्यावर १८ मिलिमीटरचा प्लाय, वर विनाइलची चटई. पहिल्या पावसाळ्यात पाय ठेवला की तळ गार आणि दमट लागे. बाईंनी थंड देशांतल्या चाकांवरच्या घरांचे व्हिडिओ पाहिले, नवऱ्याने वेल्डरला बोलावले. प्लायला खालून प्लास्टिकचा कागद चिकटवला, चॅनेलच्या मधोमध ग्लासवूल भरले, ते पडू नये म्हणून जाळी ठोकली. मग केबिनच्या चारी बाजूंनी सिमेंटचे पत्रे लावून खालची पोकळी बंद केली आणि फटी फोमने भरल्या. काम नीटनेटके झाले. आत एसी बसवला आणि तो २२ अंशांवर ठेवला.

पुढच्या चतुर्थीला पाहुणे आले तेव्हा आत कुजक्या पानांसारखा वास होता. कोपऱ्यात विनाइल फुगले होते. ते उचलले तर चॅनेलच्या ओळीवर प्लाय काळा पडलेला. बोटाने दाबला की थरच्या थर सुटत होते. बाहेरचा पत्रा काढून जाळी कापली, तेव्हा ग्लासवूल ओल्या गोधडीसारखे खाली लोंबत होते आणि त्यातून पाणी ठिबकत होते. वरच्या छपराला एकही गळती नव्हती, नळाचे पाइप कोरडे होते. मग पाणी आले कुठून?

हवेतून. जुलैत तापमान २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर २६ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली थंड झालेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरते. एसीने प्लाय आणि त्याला लागून असलेले लोखंड गार होते. खाली उघडी माती, ती रात्रंदिवस वाफ सोडते, आणि पत्र्यांनी कोंडलेल्या त्या पोकळीतून वाफेला बाहेर जायला वाट नाही. ती ग्लासवूलमधून सहज वर चढते, गार प्लास्टिकला टेकते आणि पाणी होऊन परत ग्लासवूलमध्ये उतरते. भिजलेले ग्लासवूल उष्णता अडवण्याचे कामच सोडून देते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशीला आयते घर मिळते.

व्हिडिओतला सल्ला खोटा नव्हता, तो दुसऱ्या हवेचा होता. थंड प्रदेशात घराच्या आत ऊब असते, बाहेर गोठवणारी हवा. वाफ आतून बाहेर धावते, म्हणून तिथे तिला अडवणारा थर आतल्या, उबदार बाजूला घालतात. अमेरिकेत अशा चाकांवरच्या घरांच्या बांधणीला १५ जून १९७६ पासून केंद्रीय नियमावली लागू आहे, आणि तळाखालची बाजू झाकणारे आवरण तिथे नेहमीचेच. पण एसी लावलेल्या कोकणी घरात वाफेची दिशा उलटी: बाहेरून आत, खालून वर. इथे अडवणारा थर सर्वांत खाली, बाहेरच्या बाजूला हवा. ही एकच गोष्ट वेल्डरला सांगता आली, तरी निम्मे नुकसान टळते.

दांपत्याने मग गावातल्या जुन्या सुताराला विचारले. तो म्हणाला, “अहो, खालून वारा खेळू द्या, नाहीतर लाकूड कुजणारच.” चिऱ्याच्या जुन्या घरांची उंच जोती पाहत वाढलेल्या माणसाचे हे बोलणे होते.

दुरुस्तीची सुरुवात त्यांनी केबिनपासून केली नाही, मातीपासून केली. वरच्या अंगाला चर खणला, म्हणजे उताराचे पाणी केबिनखाली शिरायच्या आधीच वळेल. ठोकळ्यांच्या जागी चिऱ्याचे खांब बांधून तळ दोन फुटांवर उचलला. माणसाला सरपटत आत जाता येईल एवढी उंची हवीच, नाहीतर तपासणी कधी होतच नाही. केबिनखालची माती उताराला सारखी करून तिच्यावर २५० मायक्रॉनचा जाड प्लास्टिक कागद अंथरला, जोडावर फूटभर चढवून, कडेला चिरे ठेवून. नुसत्या या कागदाने मातीतली बरीचशी वाफ अडते, आणि सगळ्या कामात तोच सर्वांत स्वस्त.

ग्लासवूल गेले. त्याऐवजी बंद छिद्रांच्या फोमचे कडक बोर्ड आले, बाजारात ते एक्सपीएस नावाने मिळतात आणि पाणी फारसे पीत नाहीत. ते चॅनेलच्या मध्ये न कोंबता चॅनेलच्या खालून सलग लावले, कारण लोखंड उघडे राहिले तर दव तिथेच धरते. सांध्यांवर ॲल्युमिनियमची टेप, आणि पाइप, वायर जिथून वर जातात ती भोके एकेक करून सीलंटने बंद. रुपयाएवढ्या भोकातूनही दमट हवा वर शिरते, म्हणून हे काम घाईने उरकायचे नाही. फोम पेट घेतो. त्यामुळे वायर पाइपातून नेल्या. उंदीर आणि वाळवी फोमही पोखरतात, म्हणून खालून सिमेंट बोर्ड आणि खांबांच्या माथ्यावर पत्र्याच्या टोप्या. नवा प्लाय वॉटरप्रूफ प्रतीचा घेतला. वरचे विनाइल परत घातले नाही. एसी आता २६ वर असतो.

बाजूचे पत्रे काढून तिथे बारीक जाळी लावली. फुरसे आणि घुशी बाहेर, वारा आत. किनाऱ्याजवळच्या केबिनला आणखी एक खर्च आहे: खाऱ्या वाऱ्यात साधा रेड ऑक्साइड फार दिवस टिकत नाही, चॅनेल खरवडून इपॉक्सी प्रायमर मारावा लागतो.

डिचोलीकडे प्रश्न वेगळा आहे, तिथे पाणी वाफ होऊन नाही, पूर होऊन येते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाच्या पाण्याने पेडणे आणि डिचोलीतल्या नदीकाठच्या गावांना वेढले. जुलै २०२१ च्या पुराला मुख्यमंत्र्यांनी १९८२ नंतरचा सर्वांत मोठा म्हटले. डिचोली आणि सत्तरीत मातीची घरे कोसळली. साळसारख्या गावात किंवा साखळीत वाळवंटीच्या काठी केबिन ठेवायची, तर आधी शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, पाणी कुठवर चढले होते. त्या खुणेच्या वर तळ हवा. चारी बाजू घट्ट बंद केलेल्या केबिनखाली गाळ शिरला की तो धुऊन काढता येत नाही. शिवाय केबिन हलकी असते, पाणी तिला ठोकळ्यांवरून उचलू शकते. म्हणून बाजूंना पाणी आत-बाहेर जाईल अशा मोकळ्या जागा आणि सांगाडा पायाला बोल्टने जखडलेला, दोन्ही हवे.

नवी केबिन घेणाऱ्याने कारखानदाराला रंग आणि खिडक्यांआधी तळाचे विचारावे: प्लाय कुठल्या प्रतीचा, चॅनेलला कुठला प्रायमर, खाली इन्सुलेशन कसले आणि वाफ अडवणारा थर कुठल्या बाजूला. शक्य तर केबिन क्रेनवर लोंबकळत असतानाच तळाचे फोटो काढून ठेवावेत. काम एप्रिलमध्ये, लाकूड कोरडे असताना करावे. भिजलेला प्लाय वरखाली बंद केला तर तो वाळत नाही. आणि जुलैत, आठवडाभराची झड लागून गेली की, बॅटरी घेऊन एकदा खाली शिरावे. टेपच्या सांध्यांवरून हात फिरवावा, पाइपांच्या भोकांभोवती दाबून पाहावे, मातीवरच्या कागदावर पाणी साचले असेल तर चर कुठे तुंबला ते शोधावे.