नहेम्याची भिंत आणि गरिबाचे घर

वाचण्याचे भाग : नहेम्या ३, ५:१–१३, ७:४, निर्गम २२:२५–२७, अनुवाद २२:८, यशया ५८:६–१२.

नहेम्याचे पुस्तक आपल्या मंडळ्यांत बहुधा प्रार्थनाशील पुढाऱ्याचा दाखला म्हणून वाचले जाते. तसे वाचणे योग्यच आहे. परंतु ह्याच पुस्तकात बेघर व कर्जबाजारी कुटुंबांविषयी जे शिक्षण आहे त्याकडे आपले लक्ष थोडे जाते. मुठा खोऱ्यातील आणि एकंदर मुळशी तालुक्यातील वाड्यांवर ज्यांस सेवा करावयाची आहे त्यांनी ते शिक्षण नीट समजून घ्यावे, ह्या हेतूने आम्ही हा पाठ लिहीत आहो. पाठाचे तीन भाग आहेत : भिंत, कर्ज आणि घर.

१. भिंत : प्रत्येकाने आपापल्या घरासमोर

तिसरा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी, असे समजून पुष्कळ वाचक तो ओलांडून जातात. पण ही कामकऱ्यांची हजेरी आहे. मुख्य याजक एल्याशीब आपल्या भाऊबंदांसह मेंढरेवेस बांधावयास लागतो. सोनार आणि सुगंधी द्रव्ये करणारे, ज्यांच्या हातांस दगडमातीची सवय नाही, तेही भिंतीवर दिसतात. शल्लूम नावाचा अधिकारी आपल्या कन्यांसह काम करतो. कोणी आपल्या घरासमोरचा भाग बांधतो, तर कोणी, ज्यास एक खोलीच आहे, तो आपल्या खोलीसमोरचा. तकोवा येथील श्रेष्ठ लोकांनी मात्र ह्या कामास मान वाकविली नाही, हेही लिहून ठेविले आहे.

ह्यावरून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही की, ज्याचे घर त्याचाही हात कामास लागला. नहेम्याने भिंत बांधून लोकांस भेट दिली नाही. लोकांनी त्याच्याबरोबर ती बांधली. दुसरी ही की, याजक व अधिकारी केवळ देखरेख करीत उभे राहिले नाहीत. ज्या मंडळीत उपदेशक उपदेश करितो आणि घमेले दुसराच उचलतो, त्या मंडळीने तकोवेकरांची ओळ पुन्हा वाचावी.

२. कर्ज : भिंतीवरची आरोळी

काम अर्धे झाले असता शत्रूंपेक्षा मोठे विघ्न आतूनच उठले. पाचव्या अध्यायात गरिबांची आरोळी ऐकू येते. धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली होती. राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढावे लागले होते. मुले-मुली दास्यात जात होत्या. आणि धनको कोण? परके नव्हेत, त्यांचेच भाऊबंद. नहेम्या संतापला, पण संतापून थांबला नाही. त्याने श्रीमंतांस सभेत उभे केले, शेते व घरे परत करावयास आणि व्याज सोडावयास लाविले, आणि याजकांस बोलावून त्यांची शपथ घेविली. मगच भिंतीचे काम पुढे गेले व बावन्न दिवसांत पुरे झाले.

हा भाग शिकविताना दूरचा दाखला शोधण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यातील कातकरी बंधूंकडे पाहावे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून हे नाव त्यांस पडले. महाराष्ट्रात सरकारने विशेष दुर्बल म्हणून गणलेल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक होय; दुसऱ्या दोन कोलाम व माडिया गोंड. जंगलाचा व कोळशाचा धंदा गेल्यावर ह्यांतील पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीच्या कामास लागली. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घ्यावी लागते. दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी सारे कुटुंब भट्टीवर जाते, आणि मृग जवळ आला म्हणजे परतते. हिशेब पुष्कळदा फिटत नाही; उरलेली बाकी पुढील वर्षाच्या उचलीत मिळते. इकडे मागे राहिलेल्या कारवीच्या कुडाच्या झोपडीस कोणी लिंपीत नाही, वाळवी लागते, छपराचे गवत उडते. मुलांची शाळा सुटते ती निराळीच. जे हात हजारो विटा थापतात त्यांच्या घरास एक वीट नसावी, हे पाहून नहेम्यासारखा संताप आपणांस येतो काय?

म्हणून घराचा विचार कर्जाच्या विचारावाचून करू नये. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात गरिबास दिलेल्या पैशावर व्याज घेण्याची मनाई आहे, आणि गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे अशी आज्ञा आहे. कारण रात्री त्यास दुसरे आच्छादन नसते.

ह्याच आज्ञेवरून आपल्या काळात एक मोठे कार्य उभे राहिले. अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतात क्लॅरन्स जॉर्डन ह्या नव्या कराराच्या ग्रीक भाषेच्या अभ्यासकाने १९४२ साली कोइनोनिया नावाचे शेत स्थापिले. काळ्या व गोऱ्या लोकांनी तेथे एकत्र राहावे, एकत्र जेवावे, ह्यासाठी त्याने पुष्कळ छळ सोसला. पुढे मिलर्ड फुलर नावाचा एक धनाढ्य वकील आपली संपत्ती सोडून पत्नी लिंडा हिच्यासह त्यास मिळाला. १९६८ साली त्यांनी योजना ठरविली ती अशी : गरिबास घर बांधून द्यावे, पण फुकट नव्हे, नफा घेऊ नये, व्याज घेऊ नये, कुटुंबाने स्वतः श्रम करावे, आणि त्याने हप्त्यांनी फेडलेल्या पैशातून दुसऱ्याचे घर उभे राहावे. १९७६ साली ह्यातून हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था निघाली.

तिचे काम आपल्या शेजारच्या मावळ तालुक्यातही झाले. २००६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस लोणावळ्याजवळ मळवली येथे देशोदेशीचे स्वयंसेवक जमले आणि गरीब कुटुंबांसाठी शंभर घरांचे काम त्यांनी हाती घेतले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हे त्या वेळी ८२ वर्षांचे होते; ते व त्यांची पत्नी रोझलिन विटा रचण्यास तेथे होते. हे गृहस्थ आपल्या गावच्या मंडळीत रविवारच्या शाळेचे शिक्षक होते. त्यांच्या आईने १९६६ ते १९६८ ह्या काळात, वयाची साठी उलटून गेल्यावर, मुंबईजवळ विक्रोळी येथे परिचारिका म्हणून सेवा केली होती. एल्याशीब याजकाने वेस बांधली ह्याचे नवल वाटणाऱ्यांनी मळवलीची ही गोष्ट ध्यानी धरावी.

३. घर : पायाखालची जमीन

सातव्या अध्यायात एक लहानसे वचन आहे. त्याचा भावार्थ असा की, नगर विस्तीर्ण होते, पण वस्ती थोडी होती व घरे बांधलेली नव्हती. म्हणजे भिंत पुरी होऊनही काम संपले नव्हते.

जागा हातची गेली म्हणजे काय होते, हे मुळशीस शिकवावे लागत नाही. १९२१ साली येथील शेतकऱ्यांनी धरणाखाली बुडणाऱ्या घरा-शेतांसाठी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. तरी धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. आजही पुष्कळ वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत, आणि पुणे शहर जवळ येत गेले तशी तेथील जमीन महाग झाली आहे. म्हणून मंडळीने पुढील गोष्टी जाणून असाव्या.

पहिली, १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यात कुळास, शेतमजुरास व गावच्या कारागिरास राहत्या घराचे संरक्षण दिले आहे. आपल्या किंवा वाडवडिलांच्या खर्चाने बांधलेल्या घरातून त्यास मालकाने सहज काढून टाकावे असे नाही. 'निघा' असे कोणी म्हटले की वाडी उठवावयाची नाही. आधी तलाठ्याकडे व तहसीलदाराकडे जावयाचे.

दुसरी, २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलास सपाट प्रदेशात १ लाख २० हजार व डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरविले गेले. कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालेल्या जनमन योजनेत ही रक्कम २ लाख ठरविली गेली. पैसा हप्त्यांनी व कामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतो. येथेच अडचण येते. जोते झाले, पुढचा हप्ता यावयाचा आहे, आणि घरी रोकड नाही; मग कुटुंब पुन्हा उचल घेते. अशा वेळी मंडळीने बिनव्याजी थोडी रक्कम किंवा धान्य दिले, आणि आठ-दहा माणसांनी चार दिवस अंगमेहनत केली, तर घर उभे राहते व उचल टळते. ज्या उपदेशकास लिहिता येते त्याने जातीचा दाखला, शिधापत्रिका व बँकेचे पुस्तक ह्यांची व्यवस्था करून द्यावी आणि ग्रामसभेत त्या कुटुंबाबरोबर जाऊन बसावे. घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे व्हावे असेही पाहावे.

तिसरी, जागा पारखून घ्यावी. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे, ती अशासाठी की कोणी पडून रक्तपाताचा दोष घरावर येऊ नये. आपल्या सह्याद्रीत ह्या आज्ञेचा अर्थ असा की, तोडलेल्या डोंगराच्या पायथ्याशी व ओढ्याच्या वाटेत घर बांधू नये, आणि जोते उंच ठेवावे. आपल्याच जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी दरडीखाली गेले व दीडशेच्या वर माणसे दगावली. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर तसाच प्रसंग आला.

एक सावधगिरी

कोणास घर देऊन ख्रिस्ती करावयाचे नाही, आणि ख्रिस्ती नाही म्हणून कोणाचे घर अडवावयाचे नाही. शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूस खाणावळीत ठेविले, तेव्हा त्याचा धर्म विचारला नाही, आणि उपकाराची किंमतही मागितली नाही. आमिषाने भरलेली मंडळी आमिष संपताच रिकामी होते. शिवाय, गरिबाच्या गरजेवर सौदा करणे हे भट्टीवाल्याचेच काम झाले. उचल निराळी, एवढाच भेद. आपली आशा कोणी विचारली तर सौम्यतेने सांगावी. न विचारली तरी भिंत प्रामाणिकपणे ओळंब्यात बांधावी.

आशा ही केवळ छपराने येते असे आम्ही म्हणत नाही. पक्क्या घरातही निराश माणसे असतात. परंतु ज्या कुटुंबास आजवर कोणी विचारले नाही त्याच्या दारी शेजारी स्वतःची कुदळ घेऊन येतात, त्याच्या बायकोचे नाव कागदावर लिहिले जाते, आणि पुढच्या दिवाळीस मुले शाळेतच राहतात. तेव्हा त्या कुटुंबास उद्याचा दिवस आपला वाटू लागतो. यशयाने सांगितलेला उपास तो हाच. आणि असा उपास करणाऱ्यांस त्याने पडक्याची डागडुजी करणारे असे नाव दिले आहे.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या गावात कोणते कुटुंब ह्या पावसाळ्यात गळक्या छपराखाली आहे? त्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय?

२. आपल्यापैकी कोणी व्याजाने पैसे किंवा धान्य देतो काय? नहेम्या ५:१०–१२ वाचून त्याने काय करावे?

३. मंडळीच्या पेटीतून बिनव्याजी किती देता येईल, आणि परत आलेला पैसा पुढे कोणास द्यावा?

४. तिसऱ्या अध्यायातील हजेरी आज आपल्या मंडळीची घेतली, तर माझे नाव कोणाच्या घरासमोर लिहिले जाईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने घेऊ नये. उपदेशकाने महिनाभर थांबून ते वाडीवर जाऊन पाहावे.